कुठे म्हणून विचारू नये

सुचित्रा उपासनी सिंगापुरात, बिशानला एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर राहायला आल्या त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत त्या एकदाही कुठे वेळेवर पोचल्या नव्हत्या. दोष त्यांचा नव्हता. दोष होता शेजारच्या लिम आंटींचा, आणि खरं सांगायचं तर त्या बिचारीचाही नव्हता. घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, काम होत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. अगदीच राहवत नसेल तर ‘लांब का?’ म्हणावं आणि गप्प बसावं. चिनी माणसाची रीत बरोब्बर उलटी. माणूस दिसलं की पहिला प्रश्न, गो व्हेअर? त्यात चौकशी नसते, नुसता रामराम असतो. लिम आंटींचं दार लिफ्टला लागून, ते दिवसभर उघडं, आणि हा रामराम जिभेवर सदा तयार. सुचित्राबाईंनी कुलूप लावून लिफ्टचं बटण दाबलं रे दाबलं की आतून आवाज यायचा, "गो व्हेअर, आह?" झालं. बाई माघारी. कुलूप उघडायचं, चपला काढायच्या, सोफ्याच्या कडेला टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा पहिल्यापासून निघायचं. कधी कधी आंटी दुसऱ्या खेपेलाही विचारायच्या, कारण पहिलं विचारलेलं त्या तोवर विसरलेल्या असायच्या.

नवरा, प्रबोध उपासनी, बँकेत बऱ्यापैकी हुद्द्यावर. लिफ्टचं दार पायाने अडवून घड्याळाकडे बघत उभं राहणं हा त्यांचा नऊ वर्षांचा व्यायाम. आणि मुलगी गार्गी, ती आईला हसायची. नवव्या वर्षी इथे आलेली, आता अठरा पूर्ण. आंटींनी विचारलं की ती ठसक्यात "टाऊन, आंटी!" म्हणायची आणि निघून जायची. तिची कामं काही अडत नव्हती, उलट आईपेक्षा जास्तच होत होती.

कामं म्हणजे किती! हौगांगच्या वृद्धाश्रमात शनिवार-शनिवार जाऊन आज्यांची नखं काप, बोटीतून बाटम बेटावर जाऊन तिथल्या शाळेच्या भिंती रंगव, तरुणांच्या परिषदांना जाऊन भाषणं ठोक. एका खोट्या खोट्या संयुक्त राष्ट्रसभेत तर ती दोन दिवस ब्राझीलच्या पाटीमागे बसून ऊस उत्पादकांची बाजू मांडत होती. बक्षीसही मिळालं. पण बक्षीस घेऊन खाली उतरली की कुणीतरी विचारायचंच, यू फ्रॉम व्हेअर? सिंगापूर म्हटलं तर, नाही, मूळची कुठली? पुण्याला सुट्टीत गेली तर मामेभावंडं म्हणायची, आल्या बाई सिंगापूरकर. ब्राझीलची म्हणून बसली तेव्हा मात्र कुणी काही विचारलं नाही. या गोष्टीचं तिला हसू यायचं, आणि हसून झालं की कसंतरीच व्हायचं.

तर २००६ सालच्या जूनमधली गोष्ट. उपासन्यांच्या फ्रीजवर एक पत्र लावलेलं होतं. तिघांनाही नागरिकत्व मंजूर झालं होतं, वीस तारखेला, मंगळवारी, जाऊन उरलेले सोपस्कार करायचे होते, आणि भारताचा पासपोर्ट सोडायचा होता. प्रबोधरावांना आनंद झाला होता. सुचित्राबाई पत्राला हात न लावता फ्रीज उघडायला शिकल्या होत्या. आणि गार्गी? तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, ऑफ कोर्स हवंय, लाह, अगदी इथल्या पोरांच्या सुरात. मग खोलीत जाऊन कपाटातला जुना निळा पासपोर्ट काढून त्यातला नऊ वर्षांच्या पोरीचा फोटो बघत बसायची. गोंधळ नुसता.

त्याच महिन्यात स्वयंसेवक तरुणांचा एक मेळावा भरला. दहा देशांतून तुकड्या येणार होत्या, आठवडाभर राहणार होत्या. प्रत्येक तुकडीला इथली एक वाटाडी पोरगी किंवा पोरगा. मेळाव्याच्या प्रमुख मिस टॅन यांनी गार्गीला भारताची तुकडी दिली. चेहरा बघून दिली, दुसरं कारण नव्हतं. ती तुकडी निघाली सगळी महाराष्ट्रातली. कॉलेजांतली सहा मुलं-मुली आणि त्यांना सांभाळायला प्रकाश सर म्हणून एक मऊ स्वभावाचे प्राध्यापक. सहाही जणांचे पासपोर्ट एका कापडी पिशवीत घालून त्यांनी ती शर्टाच्या आत गळ्यात अडकवली होती, त्यामुळे त्यांचं पोट चौकोनी दिसायचं.

तेरा तारखेच्या मंगळवारी विमानतळावर गार्गी पाटी धरून उभी होती. सर पुढे आले आणि त्यांनी जपून जुळवलेल्या इंग्रजीत नमस्कार केला. तिनं इंग्रजीतच स्वागत केलं. ‘मीही मराठीच’ हे शब्द ओठांवर होते, पण तेवढ्यात मागून उल्का नावाची एक चुणचुणीत मुलगी हळूच म्हणाली, ही आपल्यासारखीच दिसते की गं. दुसरी म्हणाली, छे, बोलणं ऐकलंस ना, मद्राशी असेल. आणि त्या सगळ्यांच्या मागे, नवी कोरी बॅग छातीशी धरून उभा असलेला एक उंच, हडकुळा मुलगा म्हणाला, "ती इथली आहे."

ती इथली आहे. नऊ वर्षांत हे वाक्य तिच्याबद्दल कुणी उच्चारलं नव्हतं. गार्गीनं ते गोळीसारखं गालात धरलं आणि ओठांवरचे शब्द गिळून टाकले. म्हटलं, बसमध्ये सांगू. बसमध्ये वाटलं, जेवताना सांगू. जेवताना त्यांनी तिच्यादेखत तिच्या केसांवर, तिच्या नाकावर आणि तिच्या चमच्यानं भात खाण्यावर यथेच्छ चर्चा केली. आता कुठल्या तोंडानं सांगणार? सांगितलं असतं तर त्या पोरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. म्हणून ती मूग गिळून बसली. बुधवार गेला, गुरुवार गेला. रात्री घरी येऊन ती आईला सगळं सांगायची आणि आई कपाळावर हात मारायची. अगं हात दाखवून अवलक्षण कशाला ते, म्हणायची.

तो उंच मुलगा म्हणजे निशिकांत. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, बावीस वर्षांचा, डी.एड. होऊन घरी बसलेला. गावात रक्तदानाची शिबिरं भरवायचा, विहिरींतला गाळ काढायला पोरं गोळा करायचा, म्हणून निवड झालेली. सभागृहात तो काही बोलायचा नाही. पण वृद्धाश्रमाला भेट दिली तेव्हा एका थरथरत्या चिनी आजोबांना त्यानं न सांगता न विचारता असं काही पाजलं आणि पुसलं, की दोन वर्षं तिथे जाणाऱ्या गार्गीला आपण आजवर काय करत होतो असं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं तिला खुणेनं आणि चार इंग्रजी शब्दांनी सांगितलं की घरी फोन करायचा आहे. मुलं उतरली होती त्या हौगांगच्या वसतिगृहाखाली एक सार्वजनिक फोन होता. कार्डावरचे लांबलचक आकडे त्याला जमेनात, म्हणून ते तिनं दाबून दिले आणि नियमाप्रमाणे शेजारी उभी राहिली. तो मोकळेपणानं बोलत होता. भिंतीला कान असतात म्हणतात, पण भिंतीला मराठी येते असं कुणाच्या मनात येणार? पलीकडे त्याचे मेहुणे होते. रविवारी बाकीचे बाजारात जाणार, मी पोट दुखतंय म्हणून मागं राहतो, असं तो सांगत होता. आंग मो किओ स्टेशन, चार वाजता, निळी टोपी घातलेला माणूस, तो थेट कारखान्यात कामाला लावणार, लहानच पिशवी घ्यायची, असं त्यानं पलीकडून पढवल्यासारखं पुन्हा म्हणून दाखवलं. पलीकडून पासपोर्टचं विचारलं असावं.

"राहू द्या सरांकडंच, दाजी," निशिकांत म्हणाला. "परत जायचं असेल तर तो लागतो ना."

व्हिसाची मुदत संपल्यावर इथे राहिलं तर काय होतं, ते गार्गीला ठाऊक होतं. शाळेत शिकवतात, पेपरात येतं. तुरुंग, आणि पुरुषाला वर छड्या. त्या छड्या म्हणजे मास्तरांच्या नव्हेत. फोन ठेवून त्यानं तिला हसून थँक्यू मॅडम म्हटलं, आणि तिनंही यू आर वेलकम म्हटलं.

आता करायचं काय? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सरांना सांगावं तर त्या क्षणी पोराची रवानगी, तीही बदनामीसकट, आणि वर हे की मॅडमला सगळं कळत होतं. सांगू नये तर रविवारी तो सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन जाणार आणि त्या चौकोनी पोटाच्या भल्या माणसाची नोकरी जाणार. घरी तिनं आईवडिलांपुढे सगळं ओतलं. प्रबोधराव आधी म्हणाले, मिस टॅनना ताबडतोब लेखी कळव. मग जेवण होईपर्यंत त्यांचं मत फिरलं. लेखी नको, तुझं नाव येईल, मंगळवारी आपलं काम आहे, नसत्या भानगडीत पडू नकोस. मग झोपताना दाराशी येऊन म्हणाले, पण कळवायला तर हवंच. सुचित्राबाईंनी एवढंच विचारलं की तो मुलगा नीट जेवतो का.

शनिवारी ती खरोखरच मिस टॅनकडे गेली. बाई जिन्यावर उभ्या राहून समारोपाच्या झेंड्यांचा क्रम लावत होत्या. गार्गीनं तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, बरं झालं आलीस, पुढच्या वर्षी आपली टीम हनोईला जाते आहे, देशाच्या नावानं, आणि मंगळवारचं तुझं एवढं काम झालं की यादीत पहिलं नाव तुझं. मग, काय म्हणत होतीस? गार्गी म्हणाली, काही नाही, झेंडे धरू का? आणि दोन तास झेंडे धरून उभी राहिली. तिला स्वतःची चीड आली, फार चीड आली, पण चीड येऊन तोंड उघडत नाही हेही तिला त्या दिवशी कळलं.

रविवारी दुपारी सर पाच जणांना घेऊन बाजारात गेले. निशिकांतचं पोट दुखत होतं. वसतिगृहाच्या खालच्या दालनात गार्गी एका बाकावर बसून इंग्रजी वाक्यं घोकत होती. यू कॅनॉट गो. इट इज अगेन्स्ट द लॉ. प्लीज गो बॅक टू युअर रूम. सव्वादोनला जिन्यावर पावलं वाजली. तो उतरला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात लहान पिशवी. मेडिसीन, मॅडम, असं म्हणून तो हसला आणि दाराकडे वळला. दाराबाहेर ऊन होतं आणि बसचा थांबा समोरच दिसत होता. गार्गी उठली, आणि घोकलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"कुठे निघालास?" ती म्हणाली.

तिच्या तोंडून आईचा आवाज निघाल्यासारखा तिला वाटला, फक्त शब्द आईनं जन्मात कधी उच्चारले नसते असे. निशिकांतचा उंबऱ्याबाहेर पडलेला एक पाय आत आला. तो वळला, बाकाशी आला, पिशवी खाली ठेवली आणि बसला. हे सगळं त्याच्या अंगानं केलं, डोक्यापर्यंत अजून काही पोचलंच नव्हतं. मग पोचलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. गार्गीनं कोपऱ्यातल्या यंत्रातून कागदी पेल्यात पाणी आणून त्याच्यापुढे धरलं. तो ते प्यायला.

"तुम्ही मराठी आहात?"

"हो."

"मंगळवारपासून?"

कुणाला हसू आलं असतं, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही. तो मनातल्या मनात मागे जात होता, बस, जेवण, नाक, केस, आणि शेवटी फोन. फोनपाशी पोचला तेव्हा त्यानं पिशवीचा बंद मुठीत आवळला. मग गार्गी एकदाची बोलायला लागली ती थांबेना. तुरुंग सांगितला, छड्या सांगितल्या, त्या किती आणि कशा बसतात ते सांगितलं, निळ्या टोपीवाले किती येतात आणि पोलीस आले की कसे दिसेनासे होतात तेही सांगितलं. तो ऐकत होता. दाजींनी यातलं काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ऐकून झाल्यावर तो छड्यांबद्दल बोललाच नाही. बोर्डाबद्दल बोलला.

गावच्या स्टँडवर त्याचा बोर्ड लागला होता. हल्ली ते फ्लेक्सचे निघाले आहेत ना, तसा, एसटीच्या लांबीचा. मधे त्याचा फोटो, भोवती नऊ पुढाऱ्यांचे, आणि मोठ्या अक्षरांत, आपल्या तालुक्याचे सुपुत्र सिंगापूरला रवाना. आठ दिवसांसाठी, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. बोर्ड लावणाऱ्यानं विचारलंच नव्हतं आणि वाचणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं की पोरगा परदेशी नोकरीला लागला. मग शाल आली, श्रीफळ आलं, शाळेत सत्कार झाला. ज्या मास्तरांनी त्याला दारात उभं केलं नव्हतं ते खांद्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. आईनं गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या तालुक्यातून एक जण आपल्या मुलीची पत्रिका घेऊन आले. मुलीचं नाव निशिगंधा. तिनं त्याला एकदाच बघितलं आणि विचारलं की तिकडे थंडी असते का. आणि या सगळ्या वेळात तो म्हणत राहिला, की हार घालून झाले की सांगू, पाहुणे गेले की सांगू, उद्या सांगू.

"मी खोटं एकदासुद्धा बोललो नाही," तो म्हणाला. "नुसता गप बसलो. मग सांगायची वेळच निघून गेली. आता उद्या रात्री त्या स्टँडवर, त्या बोर्डाखाली उतरायचं म्हणजे..."

गार्गीला वाटलं, हे आपलंच कुणीतरी वाचून दाखवतं आहे. बसमध्ये सांगू, जेवताना सांगू. तो तिच्याकडे बघत होता, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखा.

"मी बोर्डाला भ्यालो," तो म्हणाला. "तुम्ही कामून गप बसलात?"

"तू म्हणालास, ती इथली आहे," गार्गी म्हणाली. "आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं."

त्यानं थोडा विचार केला. मग, इथल्या आहात की नाही, असं विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते. तो उठला. माघारी फिरणं, टेकणं, पाणी पिणं, रीतीप्रमाणे जे करायचं ते झालं होतं, आता निघायला हरकत नव्हती. पाणी पिऊन झालं, म्हणाला, आणि त्यानं पिशवी उचलली. गार्गीकडे दुसरी युक्ती नव्हती. कायदा सांगून झाला होता, भीती घालून झाली होती, हात धरण्याएवढी ओळख नव्हती. तो उंबऱ्याशी पोचला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं.

"कुठे निघालास?"

तो थांबला. मॅडम, असं नका करू, म्हणाला. पण वळला, बसला, आणि तिनं आणलेलं पाणी प्यायला. पावणेतीनला तो तिसऱ्यांदा उठला, तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तीनला चौथ्यांदा. आता दोघांनाही कळत होतं की हे काय चाललं आहे. त्याला जायचं असतं तर तो एका उडीत थांब्यापर्यंत गेला असता, तिच्या कुठेला आणि तिच्या पाण्याला काय जोर होता? पण तो दर वेळी दाराशी जाऊन जरासा रेंगाळायचा, विचारलं जाण्याची वाट बघितल्यासारखा, आणि ती दर वेळी विचारायची. साडेतीनला बस आली, थांबली आणि गेली. पाचव्या पेल्यानंतर त्यानं पिशवी बाकाखाली सरकवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गार्गीनं त्याच्याकडे न बघता कागदी पेले एकात एक घालून ठेवले.

चारला सर आणि मंडळी पिशव्या नाचवत परतली. उल्कानं विचारलं, पोट कसं आहे रे? निशिकांत म्हणाला, मॅडमनी पाणी पाजलं. आणि मॅडमनी शुद्ध मराठीत सांगितलं की आता बरं आहे त्याचं. उल्का पायापासून केसांपर्यंत तांबडी झाली आणि निघेपर्यंत तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. सर मात्र म्हणाले, अगं बाळ, आधी सांगायचंस की, मी तुझ्याशी बोलायला रोज रात्री डिक्शनरी बघत होतो. आंग मो किओचं, निळ्या टोपीचं त्यांना काही कळलं नाही. गार्गीनं कुणालाच सांगितलं नाही. तेही बरोबर केलं की चूक, हे तिला समजलं नाही.

सोमवारी विमानतळावर प्रकाश सरांनी शर्टातून पिशवी काढून एकेकाच्या हातात पासपोर्ट दिला, आणि त्यांचं पोट पुन्हा गोल झालं. काचेच्या दरवाजाशी रांग लागली. पलीकडे फक्त प्रवाशांनी जायचं. निशिकांत सगळ्यात मागे राहिला. बाकीचे आत गेले, सर आतून हात हलवून त्याला बोलवायला लागले, तसा तो मागे वळून गार्गीपाशी आला. त्यानं काल रात्री दाढी केली होती आणि हनुवटीवर कापलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "एकदा विचारा ना."

काय ते तिला लगेच कळलं. तिनं विचारलं की तो माघारी फिरणार. या खुर्च्यांच्या रांगेत बसणार, पाणी पिणार, विमान निघून जाणार, आणि दोष कुणाचाच नसणार. तो हसण्याचा प्रयत्न करत होता, पण डोळे हसत नव्हते. त्या डोळ्यांत एसटीच्या लांबीचा बोर्ड होता, पेढे होते आणि थंडीचं विचारणारी ती मुलगी होती. गार्गीला विचारावंसं वाटलं. मनापासून वाटलं. काल पाच वेळा जे सहज सुटलं ते आज जिभेवर येऊन बसलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. त्यानं वाकून पिशवी उचलली आणि तो आत गेला. काचेपलीकडे तो बराच वेळ दिसत होता, उंच असल्यामुळे. त्यानं मागे बघितलं नाही. गार्गी तिथेच उभी राहून रडली, आणि आपण का रडतो आहोत हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्याला छड्यांपासून वाचवून आपण बोर्डाखाली उतरवलं, एवढंच तिला दिसत होतं.

मंगळवार उजाडला. नऊची वेळ मिळालेली. प्रबोधरावांनी सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये लावली, वर तीन निळे पासपोर्ट ठेवले, रबरबँड घातला, आणि वेळेच्या पाऊण तास आधी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. सुचित्राबाई चांगली साडी नेसल्या होत्या. निघताना त्यांनी देवापुढे हात जोडले आणि गार्गीच्या तळहातावर दही ठेवलं. कुठल्या यशासाठी, ते त्या बोलल्या नाहीत. कुलूप लागलं. लिफ्टचं बटण दाबलं. आणि शेजारचं जाळीचं दार वाजलं. लिम आंटी हातात झाडू घेऊन बाहेर आल्या. तिघंही नटूनथटून एकत्र निघालेले बघून त्यांचा चेहरा कौतुकानं फुलला.

"वाह, होल फॅमिली! गो व्हेअर, आह?"

प्रबोधरावांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला आणि पायानं लिफ्टचं दार अडवलं. सुचित्राबाई सवयीनं पर्समध्ये किल्ली शोधायला लागल्या. आंटी मात्र गार्गीकडे बघत होत्या, नऊ वर्षं उत्तर हीच पोरगी द्यायची. गार्गीनं तोंड उघडलं. टाऊन, आंटी, एवढं म्हणायचं होतं. किंवा नागरिक व्हायला. किंवा पासपोर्ट सोडायला. तिला तिन्ही वाक्यं येत होती, तीन-तीन भाषांत येत होती, आणि एकही निघेना. आंटी झाडू धरून हसतमुखानं थांबल्या होत्या.

तिनं आईच्या हातातून किल्ली घेतली, कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि आत जाऊन सोफ्याच्या कडेला टेकली. सुचित्राबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. या मुलीला त्यांनी कधी माघारी फिरताना बघितलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला. बाहेरून प्रबोधरावांचा आवाज आला की आता झालं असेल तर चला, साडेआठ वाजले. गार्गीनं पाणी संपवलं. आईनं पेला घ्यायला हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, झालं ना, ऊठ मग.

गार्गीनं पेला आईच्या हातात दिला नाही.

"आई," ती म्हणाली, "अजून थोडं पाणी."